साधं ऑइल, सिंथेटिक ऑइल आणि पांढरा धूर

“सर, तुम्ही स्वतः आयुष्यात कधी गवत कापलंय का?”

माइकमधला आपलाच आवाज हॉलभर फिरून परत कानावर आला, तेव्हा कुठे दीप्तीला कळलं की विचारलं बुवा आपण! मग मागच्या रांगांमधून हशा फुटला आणि बघता बघता पार पुढच्या प्रिन्सिपलबाईंच्या खुर्चीपर्यंत पोचला. डावीकडे ह्वे लिंगनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. उजवीकडची नूरुल खुर्चीतून घसरत घसरत जमिनीला टेकायची बाकी होती. पैज या दोघींचीच. विचारलंस तर बबल टी, नाही विचारलंस तर वर्षभर तुला ‘म्याऊ’ म्हणणार.

पण खरी गंमत वेगळीच होती. स्टेजवर उभे असलेले ‘सर’ म्हणजे दीप्तीचे बाबा होते.

धम्मानंद मेश्राम सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या एका प्रयोगशाळेत वंगणांवर संशोधन करायचे. म्हणजे इंजिनात घालायच्या तेलांवर. शाळेच्या करिअर डेला त्यांना बोलावलं होतं आणि गेला अर्धा तास ते रंगात येऊन बोलत होते. साधं ऑइल म्हणजे न निवडलेला तांदूळ, त्यात लहान दाणे, मोठे दाणे, कणी, खडे, सगळंच. सिंथेटिक म्हणजे एकेक दाणा सारखा, निवडून पाखडून घेतलेला. मुलांना ते आवडलंही. पण शेवटी जरा जोशात ते म्हणाले, “फार कशाला, तुमच्या शाळेतलं गवत कापायचं मशीन घ्या. मी तर त्यातसुद्धा सिंथेटिकच घालीन. डोळे मिटून!”

तेव्हाच ह्वे लिंग दीप्तीच्या कानाशी लागली होती, नेहमीसारखं वाक्याच्या शेपटाला सिंगापुरी ‘लाह’ जोडत. “तुझे बाबा आणि गवत? तुम्ही यिशुनला बाराव्या मजल्यावर राहता, लाह! तुमच्याकडे हिरवं म्हणून काय आहे, तर कढीपत्त्याची एक कुंडी!”

मुद्दा बिनतोड होता.

गेल्या वर्षीची दीप्ती असती तर असं काही तिच्या हातून झालंच नसतं. वर्गात तिचं नाव पुकारलं तरी ती पुढच्या मुलीच्या पाठीमागे दडायची. पण डिसेंबरात इथल्या मराठी बौद्ध कुटुंबांचं स्नेहसंमेलन होतं, निवेदन करणाऱ्या मधुमतीमावशींचा घसा ऐन वेळी बसला आणि कुणीतरी मागून ढकलून दीप्तीला माइकपुढे उभं केलं. दोन वाक्यं चुकली, तिसऱ्याला लोक हसले, चौथ्याला टाळ्या. त्या संध्याकाळपासून पोरगी माइक दिसला की पळत सुटायची. माइकपासून लांब नव्हे, माइककडे.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. घरी कोंडीत सापडले की ते हेच करतात, हे हॉलमध्ये फक्त एकीलाच ठाऊक होतं.

“नाही,” ते म्हणाले. “कधीच नाही. प्रश्न रास्त आहे.”

परत हशा. आणि त्या हशातच भिंतीपाशी उभे असलेले मिस्टर ओंग पुढे आले. डिझाइन अँड टेक्नॉलॉजी शिकवणारे, गार्डन क्लबही तेच बघायचे. “डॉक्टर मेश्राम, मागच्या शेडमध्ये गवत कापायचे दोन मोअर पडलेत. गवत कापणाऱ्या कंत्राटदारानं नवीन मशिनं घेतली आणि त्याची जुनी आम्हाला देऊन गेला. दोन्ही अगदी सारखी. शनिवारी या. तुमचं ऑइल घेऊन या. आणि या प्रश्न विचारणाऱ्या बाईंनाही आणा.”

प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी बबल टी मोठ्या मापाचा वसूल केला.

*

शनिवारी शेडमध्ये बापलेकीचं पहिलं भांडण झालं. कारण अर्थातच ऑइल.

बाबांनी सिंथेटिकच्या बाटल्या आणल्या होत्या. दीप्तीनं आदल्या रात्री त्या मॉडेलचं माहितीपत्रक इंटरनेटवरून शोधून वाचून काढलं होतं.

“बाबा, यात लिहिलंय की गरम हवेत साधं एसएई थर्टी ग्रेडचं ऑइल चालतं. सिंथेटिकचा मोठा फायदा थंडीत आहे. गोठलेल्या सकाळी ते पातळ राहतं आणि इंजिन पटकन सुरू होतं. इथे कुठली आलीय गोठलेली सकाळ? इथे गोठतं ते फक्त एमआरटी मेट्रोच्या एसी डब्यात!”

“अगं, पण उन्हातही सिंथेटिक जास्त टिकतं. तापलं तरी त्याचा दाटपणा मोडत नाही. वाफ कमी होते. चांगली गोष्ट हाताशी असताना साधी का वापरायची?”

“गरज नसली तर?”

“गरज नाही हे तुला कुणी सांगितलं?”

“गरज आहे हे तरी तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही तर गवतच कापलं नाहीये!”

“हे आता जन्मभर ऐकायचं का मी?”

मिस्टर ओंगना मराठी येत नव्हतं. पण भांडण कशावरून चाललंय ते कळायला भाषा लागत नाही. त्यांनी हातातली किटली खाली ठेवली. “मशिनं दोन. मतं दोन. भांडता कशाला? एकात हे घाला, दुसऱ्यात ते. मी दर आठवड्याला दोन्ही सारखीच चालवतो. अर्धं मैदान याला, अर्धं त्याला.” मग ते दीप्तीकडे वळले. “आणि तू बघ काय होतं ते. नीट बघितलंस तर पॉलिटेक्निकच्या अर्जासोबत दाखवायला उत्तम प्रोजेक्ट होईल. ओ-लेव्हलच्या शेवटच्या परीक्षेआधीच प्रवेश मिळतो, मुलाखत घेऊन. मेकॅनिकलला त्यांना अशीच मुलं हवी असतात.”

बाबांनी चष्मा काढून पुसला.

दीप्तीनं एका मोअरवर निळी चिकटपट्टी लावली, एकावर पिवळी. निळं सिंथेटिक, पिवळं साधं. पुढचे चार महिने शनिवार सकाळ म्हणजे शेड, हे ठरून गेलं. ती डिपस्टिक बाहेर काढायची, म्हणजे टाकीतलं ऑइल किती आहे ते दाखवणारी पट्टी, ती पुसायची, परत बुडवायची, पातळी बघायची. डिपस्टिकच्या टोकाचा एक थेंब केमिस्ट्री लॅबमधल्या गाळणकागदावर टाकायची. थेंब हळूहळू पसरायचा, मध्ये काळा ठिपका, भोवती करडं वलय. तिच्या खोलीची खिडकी अशा ठिपक्यांनी भरत चालली. निळ्याची रांग वर, पिवळ्याची खाली.

“पडद्याऐवजी हे लावलंयस का?” आईनं एकदा विचारलं.

“हात लावू नकोस गं, वाळतंय!”

नूरुल यायची ती फोटो काढायला. ह्वे लिंग यायची ती, तिच्याच शब्दांत, “मानसिक आधार द्यायला आणि चिप्स खायला”. दीप्तीच्या मात्र नखांत काळं बसलं ते जाईना. आणि गंमत म्हणजे ते जावं असं तिला वाटेचना. दोरी ओढली की इंजिन एकदा खोकतं, दोनदा खोकतं आणि मग एका दमात बोलायला लागतं. तो क्षण आला की ती दर वेळी हसायची. कुणी जोक सांगितल्यासारखी.

*

घरात मात्र जोक नव्हता.

“पॉली?” आईनं पोळी तव्यावर टाकता टाकता मान वळवली. “दीपू, तुझे मार्क बघितलेस का तू? या मार्कांना लोक ज्युनियर कॉलेजला जातात. दोन वर्षं जेसी, मग युनिव्हर्सिटी. सरळ रस्ता आहे.”

भावना मेश्राम एमआरटीच्या नव्या मार्गावर बोगद्यांची इंजिनिअर होती. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट घालून जमिनीखाली उतरायची. त्यामुळे ‘मुलींनी असलं करू नये’ वगैरे या घरात कुणी म्हणणं शक्यच नव्हतं. आईचा हिशोब सरळ होता. “इंजिनिअरच व्हायचंय ना? हो की! मेकॅनिकल हो. पण वरच्या दारानं जा. खालच्या दारानं कशाला?”

“ते खालचं दार नाहीये, आई. ते वर्कशॉपचं दार आहे.”

“तेच तर म्हणतोय आम्ही,” बाबा म्हणाले.

ते इतकं हळू म्हणाले की दीप्तीनं वळून बघितलं. बाबा भिंतीकडे बघत होते. तिथे बाबासाहेबांच्या फोटोखाली आजोबांचा फोटो होता. भाऊसाहेब मेश्राम, नागपूर, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. दीप्तीनं त्यांना पाहिलेलं नव्हतं. तिला ठाऊक होते ते फोटोतले त्यांचे हात. गुडघ्यांवर पालथे ठेवलेले, आणि फोटो जुना म्हणून नव्हे तर खरोखरच काळे.

“रिटायर झाल्यावरसुद्धा निघाला नाही तो काळेपणा,” बाबा म्हणाले. “मला दहावीला पहिला नंबर मिळाला, तेव्हा त्यांनी मला पेढा भरवला नाही. म्हणाले, तूच घे हातानं, माझ्या बोटांना ऑइलचा वास येतो. आणि म्हणाले, धम्मा, हे ऑइल माझ्यापाशी थांबलं पाहिजे. तुझ्या हाताला लागता कामा नये.”

“पण तुम्ही तर ऑइलमध्येच काम करता!”

“हातमोजे घालून करतो,” बाबा म्हणाले. “काचेच्या नळीतल्या ऑइलमध्ये.”

पोळी करपल्याचा वास आला. आईनं गॅस बारीक केला.

“असं कर,” शेवटी बाबाच म्हणाले, “तुझं प्रोजेक्ट आधी पूर्ण होऊ दे. अर्धवट सोडलंस तर विषय संपला. शेवटपर्यंत नीट केलंस तर अर्ज भरायच्या वेळी बसू आणि बोलू.”

दीप्तीला एवढं पुरे होतं. प्रोजेक्ट तडीस न्यायचं, म्हणजे बोलायचा हक्क मिळणार. अर्ज जूनच्या अखेरीस. हातात मे महिना होता आणि सगळं व्यवस्थित चाललं होतं.

व्यवस्थित चाललेलं काम बिघडवायला घरचंच माणूस लागतं म्हणतात.

*

झालं असं. मेच्या दुसऱ्या शनिवारी बाबा स्वतःहून म्हणाले, मीही येतो. दीप्तीला बरं वाटलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, ओलं गवत कापल्यानं दोन्ही मशिनांच्या पोटाला हिरवा चिखल लिंपल्यासारखा बसला होता. बाबांना अस्वच्छता बघवत नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत म्हणे टेबलावर चहाचा डाग दिसला तरी मिटिंग होते.

“हे खालून साफ नको का करायला?” ते म्हणाले.

“करूया की!”

दोघांनी आधी निळं मशीन धरलं. स्पार्क प्लगची वायर काढून ठेवली, एवढी अक्कल दीप्तीनं माहितीपत्रकातून घेतली होती. मग नळ ज्या बाजूला होता त्या बाजूनं पोट दिसावं म्हणून मशीन आडवं केलं. डावीकडे करायचं की उजवीकडे, याचा विचार दोघांच्याही मनात आला नाही. कुठून येणार? दोघं फ्लॅटमध्ये वाढलेली माणसं. एक नागपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, एक यिशुनच्या बाराव्या मजल्यावर. घरातली आडवी करून धुवायची वस्तू म्हणजे कूलर, नाहीतर कचऱ्याचा डबा. त्यांना कुठली बाजू असते? छान खरवडलं, पाणी मारलं, बाबांनी तर जुन्या ब्रशनं कोपरेसुद्धा काढले. पाऊण तासानं मशीन सरळ केलं. पिवळ्याची पाळी येणार तोवर पुन्हा पाऊस लागला आणि ते तसंच राहिलं.

सोमवारी मिस्टर ओंगनी निळ्याची दोरी ओढली. वेळ सकाळची, वर्ग चालू, मैदान वर्गांच्या अगदी खाली. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं.

आणि मग धूर निघाला.

पांढरा, जाड, दुधासारखा धूर. आधी मिस्टर ओंगचे पाय दिसेनासे झाले, मग मिस्टर ओंग. मग धूर व्हरांड्यात शिरला, तिथून पहिल्या मजल्यावर चढला. आता सिंगापूरच्या पोरांना पांढऱ्या धुराचा एकच अर्थ माहीत असतो. डासांची फवारणी! डेंग्यू! “फॉगिंग! फॉगिंग!” कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्या धडाधड लागल्या. नाकावर रुमाल आले. कॅन्टीनमधल्या नूडल्सवाल्या काकूंनी पातेल्यांवर झाकणं टाकली आणि दुकान बंद केलं. प्रिन्सिपलबाईंनी ऑफिसमधून टाउन कौन्सिलला फोन लावला, की न कळवता फवारणी कशी करता?

दीप्ती गणिताच्या तासाला होती. तिनं खिडकीतून खाली बघितलं. धुराच्या मधोमध निळ्या चिकटपट्टीचं टोक दिसलं आणि ती गेल्या वर्षीसारखी पुढच्या मुलीच्या पाठीमागे दडली.

दुपारपर्यंत निकालही लागून गेला. गार्डन क्लबमध्ये, कॅन्टीनमध्ये, टीचर्स रूममध्ये, सगळीकडे एकच: ते महागडं ऑइल खराब आहे. “तुझ्या बाबांचं ऑइल डासांना चालेल, लाह,” असं म्हणून ह्वे लिंग हसली. मग दीप्तीचा चेहरा बघून तिनं चिप्सचं पाकीट गुपचूप पुढे केलं.

मिस्टर ओंगनी तिला बोलावून घेतलं. ते रागावले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. “प्रिन्सिपल म्हणतात, बंद करा. मी काही म्हणू शकत नाही. प्रोजेक्ट इथेच थांबव. जेवढं झालं तेवढं लिही. सिंथेटिक जुन्या इंजिनाला सोसलं नाही, असा निष्कर्ष काढ.”

संध्याकाळी बाबांनीही तेच सांगितलं, फक्त मोठ्या शब्दांत. “मी घातलं ते ऑइल गार असताना जास्त पातळ असतं. जुन्या इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असणार. त्यांच्या फटीतून ऑइल वर चढलं असणार आणि जळलं. शक्य आहे.” ते थांबले. “माझीच चूक. साधं घालायला हवं होतं. तू म्हणत होतीस ते बरोबर.”

आता खरं म्हणजे दीप्तीनं उड्या मारायला हव्या होत्या. बाबा तिच्यापुढे हरले होते! पण तिला ते पचेना. चार महिने तिनं निळ्याची डिपस्टिक पुसली होती. ऑइल फटीतून चढत असतं तर दर आठवड्याला थोडं थोडं कमी झालं असतं. तसं झालं नव्हतं. उलट कमी होत होतं ते पिवळ्याचं, तेही नखभर. खिडकीवरचे ठिपके तिला तोंडपाठ होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच शेडमध्ये गेली. मिस्टर ओंगकडून किल्ली मागून घेतली, “नुसतं बघते, सर, सुरू करत नाही” असं सांगून. निळ्याचं एअर फिल्टरचं झाकण काढलं. आतला कागदी फिल्टर ऑइलनं निथळत होता. गुलाबजाम पाकातून काढावा तसा.

ती खाली जमिनीवरच बसली.

इंजिनात हवा जिथून आत जाते, ती ही जागा. पिस्टनच्या फटीतून चढलेलं ऑइल जळून धुराच्या नळीतून बाहेर जाईल. ते उलटं फिरून इथे, फिल्टरमध्ये, कशाला येईल? इथे ऑइल यायचं तर एकच मार्ग. ते वाहत आलं पाहिजे. उतारावरून.

उतार! तिनं मशीनकडे बघितलं, नळाकडे बघितलं. फिल्टर मशीनच्या ज्या अंगाला होता, नेमकं तेच अंग शनिवारी खाली होतं. पाऊण तास! सगळं ऑइल सावकाश फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरलं आणि सोमवारी पेटलं. ऑइल बिचारं काय करणार? त्याला पाडलं आम्ही.

*

“मला पिवळं मशीन मुद्दाम आडवं पाडायचंय, सर.”

मिस्टर ओंगनी चष्म्यावरून बघितलं. “एक बिघडलं ते पुरेसं नाही?”

“निळं बिघडलेलंच नाही. फिल्टर बदलायचा, प्लग काढून पुसायचा, दोरी चार-सहा वेळा ओढून आतलं ऑइल बाहेर काढायचं. पण हे मी आत्ता नुसतं केलं तर सगळे म्हणतील, तिचे बाबा ऑइलवाले, म्हणून ती ऑइलची बाजू घेते. पिवळ्यात साधं ऑइल आहे. ते त्याच अंगावर तेवढाच वेळ पाडलं आणि तेवढाच धूर आला, तर दोष कुणाचा?”

“आणि नाही आला तर?”

“तर प्रोजेक्ट संपला. मग तुम्ही सांगाल ते करीन.”

मिस्टर ओंगनी शेडची किल्ली हातात फिरवली. मग म्हणाले, “प्रिन्सिपलना तू विचार. मी नाही.”

तिनं विचारलं. प्रिन्सिपलबाईंची एकच अट होती: यावेळी शाळेला आधी सांगायचं. म्हणजे असेंब्लीत. म्हणजे माइकवरून. अट ऐकून दीप्तीला हसू आवरेना. याला शिक्षा समजणाऱ्या प्रिन्सिपलबाई डिसेंबरच्या संमेलनाला नव्हत्या, एवढाच त्याचा अर्थ.

“गुड मॉर्निंग, स्कूल,” ती माइकवरून म्हणाली. “उद्या रिसेसनंतर मैदानावर पांढरा धूर होण्याची शक्यता आहे. कृपया खिडक्या लावा, घाबरू नका. डेंग्यू नाही. दीप्ती आहे.”

सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या कॅन्टीनच्या काकू.

बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पिवळं मशीन आडवं केलं, फिल्टर खाली, पाऊण तास. नूरुल फोन स्टँडला लावून बसली. ह्वे लिंगनं चिप्स फोडले. दीप्ती मनातल्या मनात ऑइलला सांगत होती, उतर रे बाबा, उतर.

मशीन सरळ केलं. मिस्टर ओंगनी तिच्याकडे दोरी दिली. “तुझं काम आहे, तूच ओढ.”

तिनं ओढली. काही नाही. परत ओढली. इंजिन खोकलं.

तिसऱ्यांदा पांढरा, जाड, दुधासारखा, अगदी तोच धूर भसकन निघाला आणि मैदानावर पसरला. वरच्या मजल्यावरून टाळ्या ऐकू आल्या. खिडक्या बंद होत्या तरी. धुरातून बाबांचा हसण्याचा आवाज आला. असे मोकळे ते घरीसुद्धा क्वचित हसायचे.

“पाडलं! आपणच पाडलं!” ते मराठीत ओरडत होते. “अगं, मी त्या पिस्टनच्या रिंगांवर केवढं लेक्चर दिलं तुला!”

“मला वाटलं होतं की तुमचं चुकतंय.”

“मग बोलली का नाहीस?”

“फिल्टर बघितला नव्हता ना तोपर्यंत!”

मग दुरुस्तीला बसले. दीप्तीनं प्लग काढायचा पाना बाबांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून पांढरे हातमोजे काढले, एक क्षण बघितले आणि परत खिशात ठेवले. प्लग काढला, पुसला. दोरी ओढताना सिलिंडरमधलं ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि त्यांच्या मनगटापर्यंत आलं. नूरुलनं फोटो घेतला. नवा फिल्टर बसवला, मिस्टर ओंगनी इंजिन सुरू केलं. आधी धूर, मग विरळ धूर, मग नुसता आवाज. एका दमात बोलणारा. मग निळ्याचंही तेच.

*

त्या रात्री जेवणाआधी बाबा सिंकपाशी उभे राहून हात धूत होते. भांड्यांचा साबण, लिंबू, खडबडीत घासणी, सगळं झालं होतं. नखांच्या कडा तशाच होत्या.

“भाऊसाहेब लाकडाचा भुसा वापरायचे,” ते म्हणाले. “साबणात कालवून. माझी आई ओरडायची, मोरी तुंबते म्हणून.” त्यांनी हात उजेडात धरले. “आणि वास. अगदी हाच.”

आईनं त्यांच्या हातांकडे बघितलं, मग दीप्तीच्या हातांकडे, आणि दोघांना ताटं वाढली.

“चला, आता निकाल सांगा,” ती म्हणाली. “साधं की सिंथेटिक? चार महिने माझी खिडकी अडवलीत.”

दीप्तीनं वरणभात कालवला. हाताच्या काळ्या कडा भातात उठून दिसत होत्या. “दोन्ही चांगली. बाबांचं निवडलेल्या तांदळाचं बरोबर आहे, निळ्यातलं ऑइल कमी आटलं आणि दाटपणाही जास्त राहिला. रोज दिवसभर उन्हात मशीन चालवणाऱ्या कंत्राटदारानं सिंथेटिकच घालावं. पण या छोट्या इंजिनाला ऑइल गाळायचा फिल्टरच नसतो. जो आहे तो हवेचा. त्यामुळे धूळ, माती, कीस, जे आत जाईल ते आतच राहतं. खिडकीवरचे ठिपके बघ, शेवटी वरची रांग आणि खालची रांग सारखीच काळी झालीय. म्हणजे ऑइल कुठलंही असो, बदलायचं त्याच वेळी. महाग आहे म्हणून जास्त दिवस ठेवलं तर उलट वाटोळं. आणि आमचं मशीन आठवड्यातून एकदा चालतं, तेही या उकाड्यात. त्याला साधं पुरे.”

“हं,” बाबा म्हणाले. आणि मग, जरा थांबून, “पटतंय.”

“मला नाही पटत,” आई म्हणाली. “म्हणजे ऑइलचं पटतं. पण तू याच्यावरून कुठे चाललीयस ते मला कळतंय, दीपू. साधं पुरतं म्हणून साधं घ्यायचं, आणि मग साध्यासारखंच...”

“आई, मी ऑइल नाहीये!”

बाबांना ठसका लागला. आईला हसू आलं ते तिनं पाण्याच्या घोटाखाली लपवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

“बाबा म्हणाले होते, प्रोजेक्ट पूर्ण झालं की बसून बोलू. झालं पूर्ण. आपण बसलोच आहोत.” दीप्तीनं ताट बाजूला सरकवलं. समोर माइक नव्हता, तरी ती ताठ झाली. “पॉली मला पुरेल म्हणून मी तिकडे बघत नाहीये. जेसीत दोन वर्षं मी इंजिनाबद्दल वाचीन. मला ते उघडायचंय. युनिव्हर्सिटी मी सोडत नाहीये, पॉलीनंतर जाईन, तोही रस्ता आहे, मी सगळं वाचलंय. आणि आजोबांच्या हातांचं म्हणाल तर, बाबा, ते त्यांच्या मनात नसताना काळे झाले. माझे मी करून घेतलेत. आज तुम्हीही.”

बाबांनी आपल्या नखांकडे बघितलं. चष्म्याकडे हात गेला नाही.

“मुलाखतीला निळा आणि पिवळा, दोन्ही फिल्टर घेऊन जाणार आहे,” दीप्ती म्हणाली. “पिशवीत घालून, नाहीतर एमआरटीत वास येईल. जूनमध्ये अर्ज भरतेय. पॉलिटेक्निक, मेकॅनिकल, पहिला पर्याय. तुम्हाला विचारत नाहीये मी, सांगतेय. आणि आई, खिडकी उद्या मोकळी करून देते.”